मोटारीच्या आसनातील हवेने फुगणारे आधार

मोटारीच्या आसनातील हवेने फुगणारे आधार म्हणजे आसनाच्या पाठीत, कमरेजवळ आणि दोन्ही कडांच्या उंचवट्यांत बसवलेले लहान हवाकोश होत. त्यांत हवा भरून किंवा सोडून बसणाऱ्याच्या शरीराला हवा तसा आधार देता येतो. आरंभी या आधारांचा हेतू केवळ आरामाचा होता. पुढे त्यांतील कडेचे आधार बाजूच्या एअरबॅगेचे साहाय्यक म्हणून वापरात आले. बाजूने धडक बसणार हे लक्षात येताच असे आधार प्रवाशाला दारापासून काही सेंटिमीटर आत ढकलतात आणि एअरबॅगेला उघडण्यासाठी जागा मिळवून देतात.

आराम-आधार आणि एअरबॅग या दोन्हींत पिशवी फुगत असली तरी त्यांची कामे भिन्न आहेत. आराम-आधार सावकाश फुगतो, पुन्हा रिकामा होतो आणि हजारो वेळा वापरता येतो. एअरबॅग एकदाच, सेकंदाच्या काही शतांश भागांत उघडते आणि नंतर बदलावी लागते. धडकेपूर्वी फुगणारा कडेचा आधार या दोहोंच्या मधल्या वर्गात मोडतो.

== पार्श्वभूमी ==

समोरून धडक बसते तेव्हा प्रवासी आणि आघात यांच्यामध्ये इंजिनाचा कप्पा असतो. हा भाग चुरगळत जातो आणि आघाताची बरीच ऊर्जा शोषून घेतो. बाजूच्या धडकेत अशी सोय नसते. प्रवाशाचा खांदा आणि दार यांत जेमतेम वीतभर किंवा त्याहूनही कमी अंतर असते. दाराचा पत्रा, त्यातील मजबुतीचा दांडा, काच आणि आतील आवरण एवढाच काय तो अडसर. त्यामुळे बाहेरून आलेल्या वाहनाचा आघात थोड्याच वेळात छाती, कटिभाग आणि डोक्यापर्यंत पोहोचतो.

या आघाताचे स्वरूपही वेगळे असते. समोरच्या धडकेत गाडी थांबते आणि प्रवासी पुढे जात राहतो. बाजूच्या धडकेत प्रवासी जवळजवळ जागच्या जागी असतो आणि दारच त्याच्यावर चाल करून येते. सीट-बेल्ट प्रवाशाला आसनाशी बांधून ठेवतो, परंतु आत घुसणाऱ्या दाराला तो अडवू शकत नाही. म्हणून बाजूच्या धडकेतील संरक्षण तीन गोष्टींवर अवलंबून असते. गाडीचा सांगाडा किती कमी आत येतो, प्रवासी आणि दार यांत मऊ अडसर किती लवकर उभा राहतो आणि त्या अडसरासाठी जागा किती उरते, या त्या तीन गोष्टी होत. हवेने फुगणारे आधार यांपैकी तिसऱ्या गोष्टीशी संबंधित आहेत.

== इतिहास ==

स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९९१ मध्ये ८५० या गाडीत बाजूच्या धडकेपासून संरक्षण देणारी रचना आणली. तीत आघाताचा भार दारावरून आसन, गाडीचा तळ आणि छत यांच्याकडे वळवला जात असे. त्याच गाडीच्या १९९५ सालच्या आवृत्तीत आसनाच्या पाठीत बसवलेली बाजूची एअरबॅग आली. आसनातच बसवल्यामुळे आसन पुढे-मागे सरकवले तरी ही एअरबॅग प्रवाशाच्या छातीच्या रेषेतच राहत असे. डोक्याच्या रक्षणासाठी १९९७ मध्ये बीएमडब्ल्यूने खिडकीच्या वरच्या कडेला नळीच्या आकाराची एअरबॅग दिली. १९९८ मध्ये व्होल्वोच्या एस८० या गाडीत छताच्या कडेतून खाली उतरणारी पडदा-एअरबॅग आली.

हवेने फुगणाऱ्या आसनांचा विकास याच काळात वेगळ्या वाटेने चालू होता. लांबच्या प्रवासात कंबर अवघडू नये म्हणून पाठीच्या खालच्या भागात हवाकोश बसवले जात. नंतर खांदे, मांड्या आणि पाठीच्या कडा यांसाठीही कोश आले. मर्सिडीज-बेंझने अशा आसनांत पुढची भर घातली. वळणावर गाडी एका बाजूला झुकू लागली की त्या बाजूच्या कडेचा कोश आपोआप फुगून चालकाला सावरी.

आराम आणि सुरक्षा यांची सांगड घातली गेली ती 'प्री-सेफ' या प्रणालीमुळे. मर्सिडीज-बेंझने २००२ मध्ये एस-क्लास गाड्यांत ती प्रथम आणली. आणीबाणीचा ब्रेक लागला किंवा गाडी घसरू लागली तर धडकेची वाट न पाहता सीट-बेल्ट आवळणे, आसन योग्य स्थितीत आणणे आणि उघडे छत बंद करणे ही कामे ती करी. २००५ च्या एस-क्लासमध्ये आसनाच्या कडांतील हवाकोशही या प्रणालीला जोडण्यात आले.

२००९ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे भरलेल्या वाहन-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय तांत्रिक परिषदेत कंपनीने एक प्रायोगिक गाडी मांडली. तिच्यातील आसनाच्या कडेचे कोश बाजूच्या धडकेपूर्वी वेगाने फुगून प्रवाशाला गाडीच्या मध्याकडे ५० मिलिमीटरपर्यंत सरकवत. यामुळे धडावर येणारा भार सुमारे एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो, असे कंपनीने सांगितले. हीच कल्पना २०१६ च्या ई-क्लासमध्ये 'प्री-सेफ इम्पल्स साइड' या नावाने विक्रीच्या गाडीत आली.

== रचना ==

आरामासाठीच्या साध्या आधारप्रणालीत पुढील भाग असतात.

* '''हवाकोश''' – हवा धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांच्या कडा वितळवून जोडलेल्या पिशव्या. त्या फोमच्या मागे किंवा फोमच्या थरांमध्ये बसवतात.
* '''पंप''' – विजेवर चालणारा छोटा हवापंप. तो बहुधा आसनातच असतो.
* '''झडपा''' – प्रत्येक कोशात हवा सोडणाऱ्या व बाहेर काढणाऱ्या विद्युत-झडपा.
* '''नियंत्रक''' – बटणांकडून किंवा गाडीच्या इतर संवेदकांकडून आदेश घेऊन झडपा उघडणारा विद्युत-घटक.

कमरेच्या आधारात वर-खाली दोन कोश असतील तर एकातील हवा कमी करून दुसऱ्यात वाढवता येते आणि आधाराची उंची बदलते. ठरावीक क्रमाने कोश फुगवत-सोडत राहिल्यास मालिश होते. वळणावर काम करणाऱ्या आसनात नियंत्रक स्टिअरिंगचा कोन आणि बाजूचे त्वरण पाहून कोणता कोश फुगवायचा ते ठरवतो. गाडी डावीकडे वळताना शरीर उजवीकडे फेकले जाते. अशा वेळी उजव्या कडेचा कोश फुगतो.

धडकेपूर्वीच्या आधाराला हा पंप पुरेसा पडत नाही. पंपाने कोश भरण्यास काही सेकंद लागू शकतात, तर धडकेपूर्वी हाताशी असलेला वेळ सेकंदाचा अंश असतो. त्यामुळे वेगाने हवा किंवा वायू पुरवण्याची वेगळी तजवीज करावी लागते. कोश आणि त्यामागील आधारही अधिक भक्कम ठेवावे लागतात. कोशामागची चौकट लवचीक असेल तर तो प्रवाशाला ढकलण्याऐवजी मागच्या मागे दबून जाईल.

आणखी एक अडचण जागेची असते. आसनाच्या बाहेरच्या कडेत बाजूची एअरबॅग आधीच बसवलेली असते. तिचे तोंड कडेच्या शिवणीकडे असते आणि ती शिवण ठरलेल्या ठिकाणी उसवावी अशी मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. हवाकोश फुगला की फोमचा आकार आणि आवरणावरील ताण बदलतो. म्हणून कोश रिकामा, अर्धा भरलेला किंवा पूर्ण भरलेला असला तरी एअरबॅग त्याच शिवणीतून, त्याच दिशेने आणि तितक्याच वेळात बाहेर पडली पाहिजे, याची खात्री आसनाची रचना करताना करून घ्यावी लागते.

== कार्यपद्धती ==

धडकेपूर्वी फुगणारा आधार आणि बाजूची एअरबॅग असलेल्या गाडीत घटनांचा क्रम साधारणपणे असा असतो.

# गाडीवरील रडार बाजूने येणाऱ्या वाहनाचे अंतर, वेग आणि दिशा मोजत राहतात.
# धडक टळणे शक्य नाही असा निष्कर्ष निघताच ज्या बाजूने आघात येणार त्या बाजूच्या पुढील आसनातील कडेचा कोश फुगवला जातो. प्रवाशाचे धड गाडीच्या मध्याकडे सरकते.
# प्रत्यक्ष स्पर्श होतो. दाराच्या पोकळीतील हवेचा दाब एकाएकी वाढतो आणि मधल्या खांबाला तीव्र त्वरण मिळते. दाब व त्वरण मोजणारे संवेदक हे बदल टिपतात.
# सुमारे ५ ते १० मिलिसेकंदांत एअरबॅग उघडण्याचा निर्णय होतो.
# त्यानंतरच्या साधारण १० ते २० मिलिसेकंदांत छातीजवळची एअरबॅग आणि वरून उतरणारी पडदा-एअरबॅग आपापल्या जागी येतात.
# आत येणारे दार एअरबॅगेवर दाबले जाते. पिशवीतील वायू छिद्रांवाटे बाहेर पडतो आणि शरीरावरील भार काही प्रमाणात वाटला जातो.

रडार आणि एअरबॅग यांतील कामाची ही विभागणी महत्त्वाची आहे. रडारचा अंदाज चुकला तरी नेहमीच्या बाजूच्या एअरबॅगेचे काम अडत नाही, कारण ती रडारवर विसंबून नसते. ती प्रत्यक्ष आघात नोंदल्यावरच उघडते. आधार हा तिला मिळालेला आगाऊ साहाय्यक आहे, तिचा पर्याय नव्हे.

=== अंतर आणि वेळ यांचा हिशेब ===

काही सेंटिमीटरांनी काय साधते, हे एका सोप्या उदाहरणावरून समजते. दार सेकंदाला १० मीटर वेगाने आत येत आहे असे मानू. ५० मिलिमीटर अंतर कापण्यास त्याला ५ मिलिसेकंद लागतील. ही मुदत अत्यल्प भासते. परंतु एअरबॅग जागी येण्यास १० ते २० मिलिसेकंद लागत असतील, तर ५ मिलिसेकंद हा त्यातील मोठा वाटा ठरतो.

दुसरा लाभ वेगाचा आहे. आधार प्रवाशाला दार ज्या दिशेने येणार आहे त्याच दिशेने आधीच गती देतो. स्थिर असलेले धड ५० मिलिसेकंदांत सारख्या त्वरणाने ५० मिलिमीटर सरकले, तर अखेरीस त्याचा वेग सेकंदाला २ मीटर होतो. दाराचा वेग १० मीटर असेल तर दोघांतील फरक ८ मीटर उरतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १० चा वर्ग १०० आणि ८ चा वर्ग ६४. म्हणजे वेगात एक पंचमांश फरक पडला तरी ऊर्जेत एक तृतीयांशाहून अधिक घट होते. प्रत्यक्ष अपघातात दाराचा वेग क्षणोक्षणी बदलतो. त्यामुळे हा हिशेब केवळ तत्त्व समजावून देणारा आहे.

== पूरक उपाय ==

प्रवाशाला हलवण्याऐवजी गाडीच उचलण्याचा मार्ग काही कंपन्यांनी स्वीकारला. २०१७ मध्ये सादर झालेल्या आउडी ए८ या गाडीत बाजूची धडक ओळखून त्या बाजूचा सांगाडा अर्ध्या सेकंदात ८० मिलिमीटरपर्यंत वर उचलण्याची सोय देण्यात आली. त्यामुळे आघात नाजूक दाराऐवजी दाराखालच्या मजबूत आडव्या तुळईवर येतो. मर्सिडीज-बेंझनेही २०२० च्या एस-क्लासमध्ये अशी सोय दिली.

झेडएफ या जर्मन कंपनीने २०१८ मध्ये गाडीच्या बाहेरच्या बाजूला, धडकेपूर्वी उघडणाऱ्या एअरबॅगेचा नमुना मांडला. पलीकडच्या बाजूने धडक बसल्यास पुढचे दोन प्रवासी एकमेकांवर आदळू नयेत म्हणून दोन आसनांच्या मध्ये उघडणारी एअरबॅगही प्रचारात आली. जनरल मोटर्सने ती २०१३ सालच्या काही गाड्यांत प्रथम दिली.

== परिणामकारकता ==

बाजूच्या एअरबॅगेचा उपयोग अपघातांच्या नोंदींवरून सिद्ध झाला आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या अभ्यासानुसार, डोक्याचे रक्षण करणाऱ्या बाजूच्या एअरबॅगांमुळे चालकाच्या बाजूने बसलेल्या धडकेत चालकाच्या मृत्यूचा धोका मोटारींत ३७ टक्क्यांनी आणि एसयूव्ही प्रकारच्या गाड्यांत ५२ टक्क्यांनी कमी झाला. केवळ छातीचे रक्षण करणाऱ्या एअरबॅगांसाठी हेच प्रमाण अनुक्रमे २६ आणि ३० टक्के होते. हे आकडे एअरबॅगेचे आहेत. धडकेपूर्वी फुगणाऱ्या आधारांचा लाभ वर दिल्याप्रमाणे मुख्यतः निर्मात्यांच्या चाचण्यांवरून सांगितला जातो.

== मर्यादा ==

* गाडी घसरून विजेच्या खांबावर किंवा झाडावर बाजूने आदळते तेव्हा रुंदीने लहान आणि स्थिर असलेली वस्तू वेळेत ओळखणे रडारला अवघड जाते.
* चालत्या रस्त्यावर वाहने एकमेकांच्या अगदी जवळून जातात. खोट्या इशाऱ्यावर कोश फुगून चालक दचकू नये म्हणून निर्णयाची कसोटी कडक ठेवावी लागते. त्यामुळे काही खऱ्या धडकांतही आगाऊ प्रतिसाद मिळत नाही.
* प्रवासी दाराला रेलून झोपला असेल किंवा आसनाच्या कडेवरून बाहेर झुकला असेल तर कडेचा कोश त्याला नीट आत ढकलू शकत नाही. शिवाय तो एअरबॅगेच्या मार्गातच येतो.
* लहान मूल एअरबॅगेच्या मार्गात झुकलेले असल्यास इजेचा धोका संभवतो. होंडा कंपनीने काही गाड्यांत प्रवाशाची स्थिती ओळखून बाजूची एअरबॅग तात्पुरती बंद ठेवणारे संवेदक दिले, ते याच कारणासाठी.
* सीट-बेल्ट लावलेला नसेल तर शरीराची जागा निश्चित राहत नाही आणि संपूर्ण योजनेचा आधारच निघून जातो.

== चाचण्या ==

बाजूच्या धडकेची चाचणी चाकांच्या गाड्यावर बसवलेला चुरगळणारा अडथळा उभ्या गाडीवर आदळवून घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या ९५ व्या नियमानुसार या अडथळ्याचे वजन ९५० किलो आणि वेग ताशी ५० किलोमीटर असतो. युरो एनकॅप या युरोपीय कार्यक्रमाने २०२० पासून १,४०० किलो वजन आणि ताशी ६० किलोमीटर वेग स्वीकारला. पहिल्या चाचणीत अडथळ्याची गतिज ऊर्जा सुमारे ९२ किलोज्यूल, तर दुसरीत सुमारे १९४ किलोज्यूल, म्हणजे दुपटीहून अधिक असते. याखेरीज गाडी बाजूने एका अरुंद खांबावर आदळवण्याची चाचणीही घेतात. तीत डोक्याचे रक्षण विशेष पाहिले जाते.

या चाचण्यांत अडथळा कोणत्या क्षणी आदळेल हे आधीच ठरलेले असते आणि गाडीभोवती खऱ्या रस्त्यावरची वाहतूक नसते. त्यामुळे धडकेपूर्वी निर्णय घेणाऱ्या प्रणालींचे मूल्यमापन एअरबॅगेच्या मूल्यमापनापेक्षा अधिक गुंतागुंतीचे ठरते.

== भारतातील स्थिती ==

भारतात बाजूच्या धडकेचा 'एआयएस-०९९' हा मानक नव्या प्रकारच्या मोटारींना १ ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्यांना १ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाला. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने मोटारींत सहा एअरबॅगा बंधनकारक करण्याचा मसुदा काढला. त्यात पुढील दोन आसनांसाठी बाजूच्या एअरबॅगा आणि सर्व बाहेरच्या आसनांसाठी पडदा-एअरबॅगा अपेक्षित होत्या. ही सक्ती आधी पुढे ढकलण्यात आली आणि नंतर करण्यात आली नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' हा ऐच्छिक तारांकन कार्यक्रम सुरू झाला. त्यात बाजूच्या धडकेची चाचणी ताशी ५० किलोमीटर वेगाने होते. तीन किंवा अधिक तारे मिळवण्यासाठी गाडीला ताशी २९ किलोमीटर वेगाने खांबावर आदळण्याच्या चाचणीलाही सामोरे जावे लागते. या कार्यक्रमाचे तारांकन पुण्यातील केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेमार्फत दिले जाते. वाहनांच्या चाचण्या करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही पुण्यातच आहे.

=== सीट-कव्हरचा प्रश्न ===

धडकेपूर्वी फुगणारे आधार महागड्या गाड्यांपुरते मर्यादित असले, तरी आसनात बसवलेली बाजूची एअरबॅग आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळते. भारतात नवी गाडी घेताच आसनांना जाड रेक्झिनचे किंवा कापडाचे सीट-कव्हर चढवण्याची प्रथा सर्वत्र आढळते. हे कव्हर आसनाच्या बाहेरच्या कडेवरून घट्ट ओढलेले असेल तर एअरबॅगेची कच्ची शिवण पक्क्या आवरणाखाली झाकली जाते. मग एअरबॅग उशिरा उघडते, भलत्याच दिशेला वळते किंवा आतल्या आत अडकून राहते. ज्या संरक्षणाचा हिशेब मिलिसेकंदांत मांडला जातो, ते एका आवरणामुळे निरुपयोगी ठरू शकते.

म्हणूनच वाहननिर्मात्यांच्या माहितीपुस्तिकांत बाजूच्या एअरबॅग असलेल्या आसनांवर साधे कव्हर चढवू नये, अशी सूचना असते. एअरबॅगेच्या जागी मोकळी फट असलेली किंवा तेथे कच्ची शिवण घातलेली विशेष कव्हरे मिळतात. एअरबॅग असल्याची खूण म्हणून आसनाच्या बाहेरच्या कडेला बहुधा छोटी पट्टी शिवलेली असते. ती पट्टी झाकली जात असेल तर कव्हर अयोग्य आहे असे समजावे. आसनाच्या कडेला जाकीट अडकवणे, दार आणि आसन यांच्यामध्ये उशी ठेवणे किंवा कडेला वेगळा आधार बांधणे यांमुळेही हीच अडचण उद्भवते.

आसनाच्या दुरुस्तीच्या वेळीही काळजी आवश्यक असते. बाजूच्या एअरबॅगेच्या तारांची जोडणी आसनाखाली असते आणि ती ओळखू यावी म्हणून सामान्यतः पिवळ्या रंगाची ठेवतात. ही जोडणी तोडून आसन बाहेर काढणे, हवाकोशाची नळी दुसरीकडून ओढणे किंवा उसवलेली कड साध्या पक्क्या दोऱ्याने शिवणे ही कामे अप्रशिक्षित कारागिराने केल्यास गाडी दिसायला पूर्ववत होते, पण तिची सुरक्षा पूर्ववत होत नाही. जुनी गाडी विकत घेताना आसनाची कड आणि चालकासमोरील एअरबॅगेचा सूचक दिवा तपासणे यासाठीच महत्त्वाचे असते.

== हे सुद्धा पहा ==

* एअरबॅग
* सीट-बेल्ट
* भारत एनकॅप
* रडार
* वाहन सुरक्षा